माडीवरचा अर्धा मुलतानी

विसू गेल्याचं मला राजापुरात कळलं, तेही मोटारस्टँडावर उभ्याउभ्या. भाचीच्या लग्नाची बोलणी करायला म्हणून मी गेलो होतो आणि बोलणी काही जुळत नव्हती, त्यामुळे डोकं आधीच उठलेलं. रत्नागिरीची सर्व्हिस मोटार आली, टपावरचं सामान उतरलं, आणि ड्रायव्हर, जो एके काळी माझ्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसून डुलक्या काढत असे, माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मास्तर, तुमचे ते बागवाले नाना गेले हो. परवाच्या दिवशी." परवाच्या दिवशी! म्हणजे सगळं उरकूनही झालं होतं. ज्याच्या पडवीत मी उभ्या आयुष्यातल्या संध्याकाळी घालवल्या, त्याला खांदा द्यायला मी नव्हतो. त्याच मोटारीनं परत निघालो. ड्रायव्हर वाटेत यंदाच्या आंब्याबद्दल बोलत होता, मी नुसता हुंकार देत होतो, आणि मनात पुन्हा पुन्हा एकच येत होतं... आता संध्याकाळी जायचं कुठं?

या पुरवणीच्या संपादकांनी मला निरोप धाडला की, तुम्ही त्यांचे जुने स्नेही, तेव्हा चार गोड शब्द लिहून द्या. त्यालाही आता बरेच दिवस झाले. गोड शब्द काही सुचत नाहीत. कारण मधल्या काळात आमच्या गावच्या संगीत मंडळानं विसूसाठी शोकसभा घेतली, आणि त्या सभेला मी पहिल्यापासून शेवटपर्यंत बसलो होतो. तेव्हापासून तोंडाला जी कडू चव आली आहे, ती जायला तयार नाही. ती जावी म्हणूनच लिहितो आहे. संपादकांना हे छापवेल की नाही, ते त्यांचं त्यांनी पाहावं.

सभा मंडळाच्या माडीवर होती. अध्यक्षस्थानी अर्थातच रावसाहेब. मंडळ स्थापन झालं तेव्हापासून तेच अध्यक्ष आहेत. वकिली करतात, सरकारदरबारी वजन आहे, आणि गाण्यातलं आपल्याला फार कळतं अशी त्यांची स्वतःची समजूत आहे. ते उठले, शालीचं टोक सारखं केलं आणि म्हणाले, "याच माडीवर नानांनी खाँसाहेबांना आणलं होतं. मला आज कुणी विचारलं, की काळाच्या मागं जाऊन एकच मैफल ऐकायला मिळेल, तर कुठली मागाल? मी क्षणाचाही विचार न करता सांगेन, तीच. त्या मुलतानी रागातला तो तार षड्ज, तो वरचा सा... अजून माझ्या कानांत घुमतो आहे." आणि त्यांनी डोळे मिटले. माणसांनी माना डोलावल्या. मग एकेक जण उठू लागला. ज्यालाही तो षड्ज आठवत होता असा एक गृहस्थ त्या काळात मुंबईत गिरणीच्या कचेरीत नोकरीला होता, हे मला पक्कं ठाऊक आहे. दुसऱ्यानं तर खाँसाहेबांच्या शेवटच्या द्रुत चिजेचं वर्णन केलं, ताना कशा आल्या ते हातानं करून दाखवलं. मी ऐकत होतो.

कारण त्या दिवशी द्रुत चीज झालीच नाही. तार षड्ज लागलाच नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. खाँसाहेबांच्या मागे तंबोरा घेऊन मीच बसलो होतो.

विसूबद्दल आधी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही. विश्वनाथ त्याचं नाव. गाव त्याला नाना म्हणे, मी विसू. वडिलांनी लावलेली हापूसची बाग, एक जुनं कौलारू घर आणि पुढं ऐसपैस पडवी, एवढा त्याचा संसार. मूलबाळ नव्हतं. गळा म्हणाल तर तोही नव्हता. आरतीत उभा राहिला की शेजारच्याचा सूर हमखास चुकायचा. पण कान असा, की तंबोरा लावताना मी तारेच्या झंकारात, जव्हारीत हरवलो की हा झोपाळ्यावरून नुसता "हां" म्हणायचा, आणि तार जुळलेली असायची. गाणं ऐकण्यासाठी हा माणूस घाट चढून बेळगावपर्यंत जायचा. बागेत मोहराचे दिवस असोत, मजूर खोळंबलेले असोत, कुठं कोण गाणार आहे असं कानावर आलं की पिशवी उचलायचा. त्याची बायको, आमची वहिनी, म्हणायची, "जा बापडे. कलमं काय पळून जात नाहीत."

आणि परत आला की पडवीत आमचा एक खेळ चालायचा. त्याला विसूनं नाव दिलं होतं, मागची बोट. मुंबईची बोट जशी खाडीच्या तोंडाशी येऊन उभी राहते तशी ही बोट आमच्या अंगणात लागायची, फक्त ती जायची मागं, गेलेल्या काळात. झोपाळ्याला पायानं रेटा देऊन विसू ओरडायचा, "बोट लागली रे! चढा मेल्यांनो, बोला कोण कुठं उतरणार." मग कुणी म्हणे मला ग्वाल्हेरला उतरवा, जुन्या दरबारातला सकाळचा तोडी ऐकायचाय. कुणी म्हणे बडोदं, कुणी तंजावर. माझ्या आजोबांनी मिठाच्या होडीतून जाऊन गोव्यातल्या एका देवळात एका बाईंचं गाणं ऐकलं होतं, आणि त्यानंतर आठ दिवस ते कुणाशी बोलले नव्हते, असं घरात सांगत. मी नेहमी तिथं उतरायचो. कसं असेल ते गाणं? ज्यानं कडक स्वभावाच्या माणसाची वाचा आठ दिवस बंद केली ते? आता त्या बाईंचं नावही कुणाला माहीत नाही. विसू सगळ्यांना आपापल्या ठिकाणी उतरवायचा, भांडणं लावायचा, हसायचा. पूर्वी तो स्वतःही लांब लांब उतरायचा. खाँसाहेब येऊन गेल्यानंतर मात्र त्याचं उतरण्याचं ठिकाण कधीच बदललं नाही. "मी आपला इथंच उतरतो," म्हणायचा. "मंडळाच्या माडीवर. तिथलं माझं थोडं राहिलंय."

खाँसाहेबांचं नाव मी इथं लिहीत नाही. ज्यांच्या कानांत त्यांचा षड्ज घुमतो आहे, त्यांतल्या एकालाही सभेत ते नाव धड घेता आलं नाही, तेव्हा त्यांच्यासाठी मी तरी का लिहू? विसूनं त्यांना घाटावर एका जहागीरदाराकडे ऐकलं होतं. दिवसाच्या चौथ्या प्रहरी त्यांनी मुलतानी गायला आणि विसू तिथून उठून थेट त्यांच्या पाया पडायला गेला. तब्येत बरी नसे त्यांची, वय झालं होतं. तरी विसूनं त्यांच्यामागं वर्षभर लकडा लावला, की एकदा आमच्या समुद्रावर या, हवापालट होईल. शेवटी ते हसून म्हणाले, "तुम्हारे लिए आऊँगा, विसूभैया." तुमच्यासाठी येईन. मंडळासाठी नव्हे. हा शब्द विसूच्या जिवाला लागून राहिला होता. पाहुणा आपल्या शब्दावर येतो आहे, तेव्हा त्याचा मान आपल्या गळ्याशी बांधलेला आहे, असं तो आठवडाभर ज्याला त्याला सांगत होता. माडी शेणानं सारवून घेतली, जाजमं स्वतः झटकली, वहिनीच्या माहेराहून लोड आणवले.

आता मंडळाच्या एका कपाची ओळख करून द्यायला हवी. मंडळाकडे कपबश्या होत्या, पांढऱ्या, निळ्या काठाच्या. त्यांतल्या एका कपाचा कान मुद्दाम तोडलेला होता आणि तो जिन्याखालच्या कोनाड्यात पालथा घातलेला असे. गावच्या घराघरांत असा एक कप असायचाच, अजूनही पुष्कळांकडे आहे, उगाच नाक मुरडू नका. मुसलमान पाहुणा आला की चहा त्या कपातून. प्यायचा, त्यानंच धुवायचा, पुन्हा कोनाड्यात. ज्याच्या गळ्यावर माना डोलवायच्या, त्याच्या ओठांना लागलेला कप विटाळाचा. हे त्या काळी कुणाला विचित्र वाटत नसे. विसूला वाटायचं. गाण्याच्या दिवशी सकाळीच तो रावसाहेबांकडे गेला होता. "त्यांना सगळ्यांसारखा कप द्या हो, पाहुणे माझे आहेत." रावसाहेब म्हणाले, "नाना, गाणं वेगळं आणि धर्म वेगळा. मंडळात सगळ्या घरची माणसं येतात." खाँसाहेबांनी गाण्याआधी चहा त्याच कपातून घेतला. बिनकानाचा तो कप दोन्ही तळहातांत धरला, जणू थंडीचे दिवस आहेत. प्याले, उठून स्वतः खाली गेले आणि विहिरीशी धुऊन आणला. विसू माडीच्या दारात उभा होता. त्याचा चेहरा मी पाहिला आणि दुसरीकडे बघायला लागलो.

मग गाणं सुरू झालं. काय सांगू... मी मागं, त्यामुळे त्यांची पाठ आणि समोरची सगळी गर्दी मला दिसत होती. पश्चिमेच्या खिडक्यांतून उन्हं आत आलेली. त्यांनी खालच्या निषादावरून षड्जावर पाऊल ठेवलं आणि माडी गप्प झाली. मुलतानीची रीतच अशी, की गवई एकेक पायरी चढत जातो. प्रत्येक सुरावर बसतो, तिथला सगळा शेजार बघून घेतो, मग पुढची पायरी. आणि ऐकणारा वाट बघत राहतो, वरच्या षड्जाची. तो लागला की एवढा वेळ अडवलेला श्वास सुटतो. खाँसाहेबांना घाई नव्हती. गंधार असा लावत, की माझ्या बोटांखालची तार मला नव्यानं ऐकू यायची. विसू पहिल्या रांगेत मांडी घालून बसला होता. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं.

रावसाहेब उशिरा आले. नेहमीच येत. करकर वाजणाऱ्या वहाणा दारात काढल्या, चार जणांना नमस्कार केले, माणसांना उठवून पुढं जागा करून घेतली. त्याच वेळी मंडळाचा गडी धोंडू ताटांतून चहा फिरवत होता. गाणं चालू असताना चहा फिरवायचा, हा आमच्या गावचा आणखी एक गुण. त्या दिवशी फुकट ऐकायला अर्धं गाव लोटलेलं. कप सगळे वाटून संपले. आणि आता अध्यक्षांना चहा कशातून द्यायचा? धोंडू बिचारा खाली गेला, कोनाड्यातला कप उचलला, भरला आणि आणून रावसाहेबांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी शेजारच्याशी कुजबुजत तो बशीत ओतला, फुर्र करून प्याले, पुन्हा ओतला, पुन्हा प्याले. मग रिकामा कप खाली ठेवताना त्यांची बोटं कान शोधू लागली. कान नव्हता.

मी त्यांच्याकडेच बघत होतो. माणसाचा चेहरा इतक्या भराभर बदलताना मी पाहिलेला नाही. ते ताडकन उठले. "कुणी आणला हा?" गाण्यातून, मोठ्यानं. धोंडू दारातून म्हणाला, "कप कमी परला, म्हनून घेतला वो." त्याला कुणीतरी मुस्काटात मारली. रावसाहेब तोंडावर उपरणं धरून जिन्यानं खाली धावले, त्यांच्यामागं त्यांच्या आळीतली माणसं. आणि आपल्याही कपांत काही अदलाबदल झाली असेल, या भीतीनं आणखी कितीतरी जण. जिना दणदणत होता. खाँसाहेबांनी डोळे उघडले नाहीत. ते वर चढत होते, पंचमावरून निषादावर आले होते, आणि निषाद त्यांनी असा धरला की आता पुढचं पाऊल षड्जावर, बस, आताच. आणि खालून, विहिरीवरून, रहाटाचा कुरकुराट आला आणि मग चुळा. खळखळ, खळखळ, थू. घशाच्या तळापर्यंत पाणी नेऊन गुळण्या. एक नाही, सगळे मिळून. आतडी धुवायची असल्यासारखे ते खाकरत होते, थुंकत होते, ओकाऱ्या काढत होते. माडीच्या मागच्या खिडक्या उघड्या होत्या, सगळं वर ऐकू येत होतं.

खाँसाहेब निषादावरच थांबले. संपवलं नाही, थांबले. माझे हात तंबोऱ्यावर चालूच राहिले. थांबवायचे कसे तेच मला कळेना. त्या रिकाम्या होत चाललेल्या माडीवर नुसता तंबोरा आणि खालून गुळण्या, असं बराच वेळ चाललं. मग त्यांनी मागं न बघता हात मागं आणला आणि माझ्या मनगटावर ठेवला. तेव्हा मी थांबलो. त्यांनी समोरच्या विसूला एवढंच म्हटलं, "चलिए भैया, हवा खाने चलते हैं."

विसू त्यांना घरी घेऊन आला. निघताना तो मंडळाच्या मागच्या दारानं गेला. कप कुणीतरी आवाराच्या गडग्याबाहेर भिरकावून दिला होता, तो गवतात शोधला. फुटला नव्हता. घरी येऊन त्यानं तो वहिनीच्या हातात दिला आणि काय झालं ते सांगितलं. मी तिथं होतो. वहिनी कुळवंत घरची, सोवळ्याओवळ्यात वाढलेली, मला वाटलं आता इथंही रडारड होते. तिनं कप उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "अहो, त्यांनी दुपारपासून काही खाल्लं असेल का? आधी ते विचारा." कप घासला, चहा भरला, आणि बाहेर पडवीत स्वतःच्या हातानं आणून दिला. खाँसाहेबांनी कप ओळखला. मग अर्धा चहा प्याले आणि कप खाली ठेवला, तेव्हा विसूनं तो उचलला आणि उरलेला अर्धा स्वतः प्यायला. जिभेला फोड आला नाही, आभाळ कोसळलं नाही.

दुसऱ्या दिवशी बोट होती. आम्ही बंदरावर पोहोचवायला गेलो. बोटीपर्यंत नेणारा पडाव लागलेला, खलाशी घाई करत होते, तरी विसूला राहवलं नाही. लहान पोरासारखा म्हणाला, "खाँसाहेब, तो षड्ज तेवढा... एकदाच." त्यांनी विसूच्या खांद्यावर हात ठेवला. रागावले नव्हते, त्याचंच जास्त वाईट वाटलं. म्हणाले, "वो तो वहीं रह गया, भैया. उसे उठाके लाना अब मेरे बस का नहीं." आणि पडावात चढले. पुढल्या पावसाळ्याआधीच ते वारल्याचं कळलं. म्हणजे तो षड्ज कुणीच ऐकलेला नाही. मी नाही, विसूनं नाही, खाँसाहेबांनीसुद्धा नाही.

रावसाहेबांनी प्रायश्चित्त घेतलं. गाईचं शेण आणि मूत घातलेलं पंचगव्य भटजींनी दिलं, ते त्यांनी आनंदानं घेतलं. घोटभर चहानं जे बाटलं होतं, ते त्यानं शुद्ध झालं! आणि मंडळाच्या सभेत ठराव झाला, की नानांनी गावात अनाचार आणला, त्यांनीही प्रायश्चित्त घ्यावं. विसू म्हणाला, "शिंच्यांनो, घ्यायचंच तर तुम्ही घ्या, कानांचं घ्या." त्याचं नाव मंडळातून काढलं. त्याच्या वडिलांच्या श्राद्धाला भटजी फिरकले नाहीत. हळदीकुंकवाला वहिनीला आमंत्रण येईना. ती संध्याकाळी देवळात गेली की बायका पदर आवरून बाजूला सरायच्या. दोघांनी हे किती सोसलं, त्याचा हिशोब त्यांनी कधी मांडला नाही. विसूनं एवढंच केलं, की त्या दिवसापासून मरेपर्यंत चहा त्या कपातूनच प्यायला. पडवीतल्या खांबाशेजारच्या कोनाड्यात तो असायचा. उताणा, पालथा नाही. पुढं काळ बदलत गेला, गावात सहभोजनं झाली, व्याख्यानं झाली, वाऱ्याची दिशा बघून रावसाहेबही एकदा अशा पंक्तीला जाऊन आले, आणि त्यांचा फोटो छापून आला. पण विसूकडे येऊन "चुकलं" एवढं दोन अक्षरी... तीन अक्षरी, काय असेल ते, कुणी म्हणालं नाही.

शेवटची भेट मी राजापूरला निघालो त्याच्या आदल्या संध्याकाळची. त्याला धाप लागत होती, झोपाळा सोडून तो खाटेवर आला होता. मी म्हटलं, "काय रे, बोट लागली की नाही आज?" तर म्हणाला, "लागली. पण खलाशी शिंचे हाका मारतायत आणि मला चढवत नाही." थोड्या वेळानं डोळे मिटूनच म्हणाला, "सद्या, निषादावर अडकलोय बघ. कधीचा." मी हसण्यावारी नेलं, कारण दुसरं काय करतात अशा वेळी? निघताना वहिनीनं त्याच्या ओठांशी चहाचा कप धरला होता. तोच.

आता त्याची तसबीर मंडळाच्या माडीवर लागणार आहे. खाँसाहेबांच्या तसबिरीशेजारी! तीही आणवणार आहेत, कुठून ते देव जाणे. दर वर्षी विसूच्या नावानं मैफल होणार, आणि "त्या अविस्मरणीय मुलतानीचे साक्षीदार" पुढच्या रांगेत बसणार. ज्यांनी ते गाणं मारलं, त्यांनीच आता ते ऐकल्याचा मान वाटून घेतला आहे. नुसतं विसरले असते तरी मी गप्प बसलो असतो. विसरणं माणसाला शोभतं. पण थुंकलेलं पुसून त्यावर रांगोळी काढायची आणि वर डोळे मिटून घ्यायचे, याची मला शिसारी येते.

मागल्या आठवड्यात रावसाहेब मंडळाच्या चार माणसांसह विसूच्या घरी आले. समाचारालाही आणि तसबिरीसाठी फोटो मागायलाही. मी पडवीतच होतो. वहिनीनं केस काढले नाहीत, ती पुरुषांसमोर बाहेर येते, याची कुजबुज गावात आहेच. ती बाहेर आली आणि सगळ्यांना चहा दिला. रावसाहेबांच्या पुढ्यात बशी ठेवली आणि मी पाहिलं... पांढरा कप, निळा काठ, कान नाही. वहिनीच्या चेहऱ्यावर काही नाही. रावसाहेब बोलत होते. बोलण्याच्या भरात असले की हातात काय आहे ते त्यांना कळत नाही, आणि हल्ली दृष्टीही अधू झाली आहे. त्यांनी चहा बशीत ओतला, फुर्र करून प्याले, पुन्हा ओतला. मग तृप्तपणे वहिनीला म्हणाले, "वहिनी, काय तो दिवस होता! तो षड्ज ऐकला आणि कानांचं पारणं फिटलं."

वहिनी म्हणाली, "आणखी घ्या ना अर्धा."

आणि घेतला त्यांनी. त्याच कपातून. ओठ पुसले, फोटो घेतला, हात जोडून निघून गेले. बोटं या वेळी कान शोधायला गेलीच नाहीत. ज्या कपापायी त्यांनी एक राग, एक म्हातारा गवई आणि एका मित्राचं उभं आयुष्य नासवलं, तो कप त्यांना आठवतसुद्धा नव्हता.

ते फाटकाबाहेर गेल्यावर मी वहिनीकडे बघितलं. आत फळीवर कपांची रांग लागलेली मला माझ्या जागेवरून दिसत होती. ती बश्या गोळा करत होती.

"कप कमी पडला हो, भावोजी," ती म्हणाली.

रावसाहेबांना हे आता इथं छापलेलं वाचूनच कळेल. त्यांच्या आवारात गोड्या पाण्याची विहीर आहे आणि भर वैशाखातही ती आटत नाही, तेव्हा त्यांची गैरसोय होऊ नये.

मी हल्ली संध्याकाळी पडवीत जातो. झोपाळ्यावर बसवत नाही, खाली जाजमावर बसतो. वहिनी कोनाड्यातला कप काढते, चहा देते आणि आत वाती वळायला जाते. बोट लागली म्हणून ओरडणारं आता कुणी नाही, पण ती लागते. गोव्यातलं माझ्या आजोबांचं देऊळ मी सोडून दिलं आहे. मीही आता विसूच्याच ठिकाणी उतरतो. उतरलो की आधी माडीवर जात नाही. मागच्या दारी जातो, विहिरीचा पोहरा सोडतो, दोर कापून टाकतो, आणि मग वर जाऊन तंबोरा घेतो. उन्हं आत आलेली असतात. विसू पहिल्या रांगेत बसलेला असतो. खाँसाहेब चढत चढत निषादावर येतात... खाली कसलाच आवाज नाही.